खोडलेलं पहिलं वाक्य

एकदा खोडलं की ते वाक्य गेलं, असं मी तेवीस वर्षं धरून चालले होते. आणि शिकवत होते नेमकं उलटं. दर जूनमध्ये नव्या खेळाडूंना ओळीत बसवून बजावायचे, "पट्टी बांधून लिहिताना खोडलंत तरी ते यंत्राला दिसतं बरं का. जपून." आणि स्वतःच विसरायचे. अशा आठवणींचं पुढे हसू येतं म्हणतात. मला अजून तरी आलेलं नाही, चीडच येते.

मी मंदाकिनी देवरे. धुळ्याबाहेर सुरत रस्त्याला आमचं क्रीडा महाविद्यालय आहे. तिथल्या अभ्यास-साहाय्य केंद्राची मी प्रमुख. म्हणजे होते. काम दुहेरी. सराव, स्पर्धा, दुखापती यांतून वेळ काढून खेळाडूंचा अभ्यास करून घ्यायचा, आणि तो त्यांचा त्यांनीच केला आहे याची सहीही आपणच द्यायची. पोराला बोट धरून चालवायचं आणि वर लिहून द्यायचं की ते आपल्या पायांनी चाललं. दोन्हीत गल्लत होऊ न देणं यातच सगळं कसब. माझी कधी गल्लत झाली नाही, असा माझा समज होता.

यजमानांना जाऊन आठ वर्षं झाली. मूलबाळ नाही. आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, पण तिथे मी झोपण्यापुरतीच जायचे. जेवायला मेसमध्ये, पोरापोरींच्या टेबलावर, दाराजवळच्या खुर्चीत. शेवभाजीवर तुटून पडलेली वीस-बावीस वर्षांची मुलं आजूबाजूला असली की बरं वाटतं. कोणी म्हणायचं, "मॅडम, निबंध राहू द्या, भाकरी वाढा आधी." मी रागावायचे आणि वाढायचे.

आता ही पट्टी काय ते सांगते. दोन हजार छत्तीस साली एका विद्यापीठातल्या अख्ख्या संघाचे निबंध एकाच यंत्राने लिहिल्याचं उघड झालं. चौदा जणांच्या आजोबांना एकाच दिवशी, एकाच शेतात साप चावला होता. देशभर छी-थू झाली, खेळाडूंच्या पदव्यांना कोणी विचारेना. मग क्रीडा मंडळाने नियम केला: खेळाडू जे काही लिहील ते कपाळाला पट्टी बांधूनच लिहील. पट्टीवर चूक निघाली तर वर्षभर मैदान बंद आणि नोंदवहीत नावापुढे कायमचा शेरा, 'अप्रामाणिक'.

शास्त्र फार अवघड नाही. आपण स्वतःचं वाक्य जुळवतो तेव्हा हात हलायच्या आधी अर्धा सेकंद कपाळामागचा मेंदूचा भाग कामाला लागतो आणि तिथे रक्त थोडं जास्त खेळतं. ऐकलेलं, पाठ केलेलं वाक्य उतरवताना तो भाग निवांत असतो, दुसरेच भाग जागे होतात. पट्टीतले बारीक दिवे कातडीतून लाल उजेड आत सोडतात, परत किती आला ते मोजतात, आणि रक्त कुठे खेळलं ते सांगतात. जोडीला हात कुठे अडखळतो, कोणत्या शब्दाआधी थांबतो, कोणते शब्द जोडीनेच येतात, हेही टिपलं जातं. हे सगळं मिळून होतो माणसाचा ठसा. अंगठ्याच्या ठशासारखाच, ज्याचा त्याचा वेगळा. फरक एवढाच की हा ठसा सहवासाने बदलतो. पट्टी शोधणाऱ्यांना हे माहीत होतं, त्यांनी अहवालाच्या शेवटी तशी एक ओळ लिहिलीही होती. नियम करणाऱ्यांनी तिथपर्यंत वाचलं नसावं.

प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून एक आधारलेख लिहून घेतात. पुढचं लिखाण त्याच्याशी ताडून पाहायचं. तेव्हा ताडला जाई तो फक्त अंतिम प्रकल्प, दर महिन्याची तपासणी नंतर आली. परका ठसा दहा टक्क्यांच्या वर गेला की लाल खूण, आणि चौकशी.

जमना वसावेचा आधारलेख मला तोंडपाठ आहे. 'माझे नाव जमना. मी पळते. मला घर आठवते.' चाळीस मिनिटांत तीन ओळी. अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची पोर. घरी भिली बोलायची, शाळेतली मराठी कानावरून गेलेली, डोक्यात शिरलेली नाही. पळायची मात्र अशी, की आमचे प्रशिक्षक गिरासे सर घड्याळ झटकून पुन्हा बघायचे. तिचा प्रकार अडथळ्यांची तीन हजार मीटर. त्यात सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते. इतर मुली खड्ड्याजवळ आल्या की पावलं मोजतात. जमना मोजत नसे.

पण कागद समोर आला की हीच पोर दगड. तासभर बसायची, पेन्सिल चावायची, आणि म्हणायची, "मॅडम, आत आहे. बाहेर नाही येत."

त्यावर माझा एक जुना उपाय होता. पट्टी येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. पहिलं वाक्य मी तोंडी द्यायचं, मुलाने ते लिहायचं, पुढे आपलं आपण जायचं, आणि सगळं झालं की माझं वाक्य खोडून टाकायचं. बंद पडलेल्या गाडीला चार पावलं ढकलतात ना, तसं. पोरं त्याला 'मॅडमचा धक्का' म्हणायची. "मॅडम, एक धक्का द्या ना!" पट्टी नव्हती तेव्हा ती ओळ फाडून मी केराच्या टोपलीत टाकत असे. सही करताना माझ्या मनात कधी किंतु आला नाही. माझं वाक्य त्यात नव्हतंच ना!

जमनाला मी असे किती धक्के दिले असतील! तीन वर्षं, आठवड्यातून चार दिवस, दुपारी दोन ते चार. सरावाने दमून यायची, पाय टेबलाखाली लांब सोडायची आणि माझ्या शेजारी बसायची. समोर नाही, शेजारी. "समोर बसलं की परीक्षा वाटते," म्हणायची. हळूहळू वाक्यं यायला लागली. आधी मोडकी, मग धड, आणि तिसऱ्या वर्षी तर अशी की वाचताना मी चष्मा काढून पुसायचे. नाल्यावरून उडी मारताना खाली पाहू नये, समोरच्या झाडाकडे पाहावं, असं तिची आई सांगायची, ते तिने एका निबंधात लिहिलं होतं. मी शेजारच्या केबिनमधल्या मुलांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. जमना लाजून पळाली आणि मैदानाला दोन फेऱ्या मारून आली.

नोव्हेंबरमध्ये तिचा अंतिम प्रकल्प तपासायला आला. विषय 'पाण्याच्या खड्ड्यावरची उडी'. जानेवारीत भुवनेश्वरला आंतरविद्यापीठ स्पर्धा होती आणि पहिल्या तिघींना राष्ट्रीय शिबिरात थेट जागा मिळणार होती. प्रकल्प पास झाल्याशिवाय भुवनेश्वर नाही.

यंत्राने लाल खूण दिली. परका ठसा चौतीस टक्के. एकाच व्यक्तीचा. व्यक्ती नोंदीत नाही.

पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. मनात म्हटलं, हिनेही फसवलं? मग मी नोंद उघडली. परकं लिखाण यंत्र तांबड्या रंगात दाखवतं. सगळ्यात वर, आडवी रेघ मारून खोडलेलं एक वाक्य लालभडक होतं: 'पाय ओला होणार हे आधी कबूल केलं की उडी सोपी जाते.'

वाक्य माझं होतं. सप्टेंबरमधल्या एका दुपारी मी ते दिलं होतं, आणि दिल्यावर दोघी हसलो होतो, कारण मला उडीतलं ओ की ठो कळत नाही.

खालचा निबंध पुसट तांबडा होता, सगळीकडे. मजकूर तिचाच. पाडा, नाला, आई, खड्ड्याच्या कडेवर ठेवायचा पाय, गुडघ्यावर येणारा भार, सगळं तिचं. पण लांब वाक्यानंतर एक छोटं वाक्य टाकायची सवय माझी. क्रियापदाआधी जरा थांबायची लकब माझी. 'बरं का' माझं. तिला लिहायची मराठी मीच शिकवली होती, तर दुसरी कोणाची येणार होती? आमच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाचेच ठसे नोंदवलेले नव्हते, म्हणून यंत्राला ती परकी व्यक्ती ओळखता आली नाही. मला आली.

नियमाप्रमाणे तिची जबानी घ्यायला हवी होती. समोर नोंदयंत्र सुरू करून मी विचारलं, "प्रकल्पासाठी कोणाची मदत घेतलीस?"

"नाही घेतली. मीच लिहिलं."

"आणि हे पहिलं वाक्य?"

"तेही मीच."

"जमना, खोटं बोलू नकोस."

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग तुम्ही सांगा मॅडम, कोणाचं आहे?"

नोंदयंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिला सगळं कळत होतं. माझं नाव घेतलं तर माझं काय होईल तेही कळत होतं, कारण नियम मीच शिकवले होते. मी यंत्र बंद केलं आणि तिला जायला सांगितलं.

अहवालात तीन चौकटी असतात: यंत्रदोष, स्रोत अज्ञात, स्रोत घोषित. एकीवर खूण करून सही करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरासे सर आले. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, तसेच मैदानावरून.

"अहो मॅडम, त्या दोन नंबरच्या पट्टीचा दिवा मधूनच जातो, सगळ्यांना माहितीये. यंत्रदोष लिहा अन् मोकळ्या व्हा."

"दोन नंबरची पट्टी मी परवाच तपासलीये. ठणठणीत आहे."

"पण तुम्हाला विचारतंय कोण?"

"मीच विचारते ना, गिरासे सर. चार वर्षांपूर्वी आपला कबड्डीचा कप्तान याच खोलीत माझे पाय धरून हेच म्हणत होता. यंत्रदोष लिहा. मी लिहिलं नाही. तो आज दोंडाईच्याला कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर बसतो."

"त्याने चोरी केली होती. हिने काय केलं?"

"काहीच नाही केलं. जे केलं ते मी."

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "घोषित लिहिलं तर काय होतं ते माहितीये ना तुम्हाला?"

माहीत नसायला काय झालं! तो नियम असा: ज्याचा ठसा आहे त्याने पुढे येऊन आपला ठसा द्यायचा. मग यंत्र तो वजा करतं आणि उरलेलं खेळाडूचं स्वतःचं आहे का ते पाहतं. पण त्यानंतर त्या माणसाने कुठल्याही खेळाडूशी बोलायचं नाही, लिहायचं नाही, एकत्र बसायचं नाही. दुधात पाणी किती ते सांगता येतं, पण ओतणं चालूच असेल तर कसं सांगणार? यंत्र बनवणाऱ्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं सात महिने उरले होते, आणि तोवर मी संपर्कबंद झाले असते. मेसचं टेबलसुद्धा नाही.

'स्रोत अज्ञात' लिहिलं असतं तर माझं काहीच बिघडत नव्हतं. जमनाचं वर्ष गेलं असतं, नावापुढे शेरा लागला असता, आणि मी दाराजवळच्या खुर्चीत बसून दुसऱ्या कोणाला तरी भाकरी वाढत राहिले असते. खरं सांगते, अर्धा दिवस मी त्या चौकटीकडे पाहत बसले. वाटलं, एकवीस वर्षांची पोर आहे, सावरेल. मी काय सावरणार आता? इतका हलका विचार माझ्या डोक्यात येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. दुपारी दोन वाजता सवयीने मी शेजारची खुर्ची ओढून ठेवली, आणि मग तिसऱ्या चौकटीवर खूण केली.

चौकशी समितीच्या डॉ. खैरनार नाशिकहून आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शांत बाई. माझा कबुलीजबाब वाचून त्यांनी मान वर केली.

"देवरे बाई, हे वाक्य तुमचं, असं तुम्ही सांगितलं नसतं तर कोणालाही कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

त्यांनी पट्टी माझ्यासमोर ठेवली. शेकडो पोरांच्या कपाळाला मी ती बांधली होती, स्वतःच्या कधीच नाही. थंड लागते. कानावर जरा आवळते. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी "लाडोबा" म्हणत आले होते.

"वीस मिनिटं काहीही लिहा," खैरनार म्हणाल्या. "स्वतःचं."

मी कागदाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन, पाच. मला पहिलं वाक्य सुचेना! जन्मभर दुसऱ्यांना दिली, आणि मला द्यायला तिथे कोणी नव्हतं. पेन्सिल चावावीशी वाटली. शेजारी कोणीतरी बसावं असं इतकं वाटलं म्हणून सांगू! खैरनार खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांना बोलायची परवानगी नव्हती. अकराव्या मिनिटाला मी लिहिलं, 'मेसमध्ये माझी खुर्ची दाराजवळची आहे.' पुढचं भराभर आलं. भाकरी, शेवभाजी, कोणाचा घोटा मुरगळला, कोण घरच्या आठवणीने रडलं. वेळ संपली तेव्हा पान भरलं होतं.

यंत्राने माझा ठसा जमनाच्या प्रकल्पातून वजा केला. परकं उरलं दोन टक्के.

"हे दोन कोणाचे?" मी घाबरून विचारलं.

"तुमच्या गिरासे सरांचे असतील," खैरनार म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "दोन टक्के सगळ्यांच्यातच असतात. मुलगी निर्दोष आहे." मग त्यांनी पुढचा कागद काढून वाचला. संपर्कबंदी दुसऱ्या दिवशी सकाळपासून. शेवटची भेट म्हणून खेळाडूला दहा मिनिटं.

मला वाटलं होतं जमना रडेल, पाया पडेल. कसलं काय! दार ढकलून ती आत आली ती लालबुंद होऊन.

"मला विचारलं का तुम्ही?"

"काय विचारायचं? तुझं वर्ष—"

"एक वर्ष नसते पळाले. मरणार होते का मी? पाड्यावर गेले असते, आले असते परत. शेरा लागला असता तर लागला असता. माझे पाय कोणी काढून घेणार होतं?"

"जमना, ते खोटं झालं असतं."

"मी खोटं बोलले ना! मी बोलले, तुम्ही नाही. मी तुमच्यासाठी बोलले आणि तुम्ही ते..." तिला शब्द सापडेना. तिने भिलीत काहीतरी म्हटलं, जे मला कळलं नाही. तीन वर्षांत तिची भाषा शिकावी असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. मग ती मराठीत म्हणाली, "आता मी कोणाजवळ बसू?"

मी म्हटलं, "एकटीने लिहायला शिकावंच लागतं कधीतरी." हे म्हणायला नको होतं. मला म्हणायचं होतं, मी तरी कोणाजवळ बसू. पण मॅडम होते ना मी.

ती दहा मिनिटं संपायच्या आधीच निघून गेली.

मला वरच्या मजल्यावर तपासणी कक्ष दिला. काम नोंदी तपासायचं. एक टेबल, एक पडदा, एक काचेची खिडकी. खिडकीतून मैदान दिसतं, नेमका पाण्याच्या खड्ड्याकडचा कोपरा. माझा डबा मेसमधून वर येऊ लागला. दारावर टकटक होई, मी उघडेपर्यंत आणणारं माणूस जिन्यात दिसेनासं झालेलं असे. नियमच तसा. पहिल्या आठवड्यात मी कोणाशीही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात डब्याशी बोलले, "आज मीठ कमी आहे." स्वतःचा आवाज ऐकून दचकले.

जमना रोज खड्ड्यावरून उडी घ्यायची. एकदाही वर पाहिलं नाही तिने. आई सांगायची तसं समोरच्या झाडाकडे बघायची. मी खिडकीत उभी राहायचे, मग मला माझाच राग यायचा आणि पडदा ओढायचे.

जानेवारीत एका सकाळी खाली ढोल वाजायला लागला. पोरं नाचत होती, गिरासे सरांना उचलून धरलं होतं. कोणता नंबर आला ते मला वरून कळेना, आणि विचारायला कोणी नव्हतं. तासाभराने दारावर टकटक झाली. बाहेर पायरीवर पेढ्याचा पुडा होता, त्यावर गिरासे सरांच्या अक्षरात फक्त 'तिसरी'. मी दार लावून रडले. मग चार पेढे खाल्ले, उभ्या उभ्याच.

शिबिर संपवून जमना परत आली, पदवी घेऊन पुढच्या वर्गात गेली. तिची नोंद महिन्यातून एकदा माझ्या पडद्यावर यायची. तिच्याशी माझी तेवढीच गाठ. आधी माझा ठसा एकतीस टक्के, मग बावीस, पंधरा, नऊ. खाली खाली जात होता. तिची वाक्यं लांब होत होती, त्यांत तिच्या भाषेची वळणं यायला लागली होती, आणि 'बरं का' कुठेच उरलं नव्हतं. निबंध आधीपेक्षा चांगले होते. शिक्षिका म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि व्हायचाही. पण प्रत्येक महिन्याला थोडी थोडी पुसली जाते आहे असंही वाटायचं. पुढच्या फेब्रुवारीत आकडा चारवर आला. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

त्यानंतर जुलैमध्ये नव्या मुलांच्या नोंदी आल्या. मी एकेक उघडत होते. सेवंती पावरा, पहिलं वर्ष, गोळाफेक. धडगावकडची. आधारलेख दोन ओळींचा. पहिला निबंध दीड पानाचा. पडद्यावर पिवळी खूण होती. पिवळी म्हणजे मर्यादेत आहे, पण नजर टाका.

परका ठसा सात टक्के. घोषित ठसा क्रमांक एक.

क्रमांक एक म्हणजे मी.

मी नाव पुन्हा वाचलं. या मुलीला मी पाहिलंही नव्हतं. ती आली तेव्हा मला वर येऊन दीड वर्ष झालं होतं. यंत्र बिघडलं की काय असं वाटून मी पट्टीचा क्रमांक पाहिला, तपासणीची तारीख पाहिली. ठणठणीत. मग नोंद पूर्ण उघडली. सगळ्यात वर एक वाक्य होतं, आडव्या रेघेने नीट खोडलेलं. रंग तांबडा, पण फिका. कारण ते माझं नव्हतं, माझ्या वळणाने कोणीतरी दुसऱ्याने दिलेलं होतं:

'जड वस्तू लांब फेकायची तर आधी ती गळ्याशी धरावी लागते.'

मी उठून खिडकीशी गेले. दुपारचे सव्वादोन झाले होते. मैदान रिकामं होतं. खाली अभ्यास केंद्राच्या व्हरांड्यात, सावलीला, दोघी जणी एका बाकावर बसल्या होत्या. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. एक दांडगी, मान खाली घालून पेन्सिल चावणारी. दुसरीने पाय लांब सोडले होते.

जमनाने वर पाहिलं. मी हात वर केला नाही, तसं केलेलं चालतं की नाही ते नियमात स्पष्ट नाही. तीही हलली नाही. पण तिने मान वळवली नाही, आणि मीही पडदा ओढला नाही. मग सेवंतीने काहीतरी विचारलं असावं, जमना तिच्याकडे वळली.

मी टेबलाशी परत आले. पडद्यावर नेहमीचा प्रश्न थांबला होता. घोषित ठशाच्या व्यक्तीचा या खेळाडूशी संपर्क आला आहे का? होय किंवा नाही. खाली सही.

मी 'नाही' लिहिलं आणि सही केली. डबा उघडला. भाकरी अजून गरम होती.